आलोशियसची आरोळी

सांडोरचा आलोशियस सायकलवरून पाव विकायचा. शेजारच्या गास गावाच्या वळणावर शेंदूर फासलेला एक धोंडा होता आणि बरोबर तिथेच हा आरोळी ठोकायचा, "पाऽऽव!" अशी वीस वर्षं गेली. धोंड्याकडे त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

१९९६च्या मार्चमध्ये त्याच्या बायकोनं, मार्थानं, अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, फादर येऊन मरणाआधीचं तेल लावून गेले. आलोशियसच्या जिवाची नुसती घालमेल. पण धंदा थोडाच थांबतो!

वळणावर रोज पाव घेणारी पुतळाबाई त्याला म्हणाली, "आलोश्या, खुळा की काय तू? आमच्यात 'पाव' म्हनजे काय, माहीत नाय तुला? देवा पाव, कृपा कर! वीस वर्षं त्याच्यापुढं 'पाव पाव' करतोस नि मागत मात्र कायच नाय. बिचारा ताटकळला असेल."

"अगं बाई, मी खायचा पाव म्हणतो! तो पोर्तुगिजांचा शब्द."

"धोंड्याला काय माहीत, कोनाचा शब्द?"

तो हसला खरा, पण बोलणं डोक्यात बसलं. दुसऱ्या सकाळी तो वळणावर उतरला. चर्चमधलं कोणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं आणि हळूच म्हणाला, "माझ्या मार्थाला जगव. पाव."

धोंड्यातून आवाज आला, "किती?"

हुबेहूब त्याचाच आवाज, गिऱ्हाइकाला विचारतानाचा! आणि मेल्याची जीभ बघा. पुतळाबाईला रोज लागायचे तेवढे सवयीनं तोंडातून निसटले, "सहा."

झालं! घरी पोचतो तर मार्था चुलीपाशी उभी, भुकेनं कावलेली. आलोशियस हसला, रडला आणि मग त्याला आपलं उत्तर आठवलं. सहा काय?

सहा दिवस त्यानं तिचा हात सोडला नाही. काही झालं नाही. सहा आठवडे गेले, सहा महिने गेले. मार्था ठणठणीत होती. "मेल्या, असा टकामका काय बघतोस?" म्हणून हसायची. त्याची मात्र सांगायची सोय नव्हती.

२००२च्या मार्चमध्ये, सहा वर्षं भरायच्या दिवशी, तो उजाडताच वळणावर गेला. गुडघे टेकले, कपाळ धोंड्याला लावलं. "आणखी दे. माझ्यातली घे, पण तिला दे. पाव रे, पाव!"

मग रिकाम्या टोपलीवर फडकं टाकताना तो स्वतः म्हणायचा, अगदी तसंच कोणीतरी आतून म्हणालं, "संपले."