गंजक्या बुडाचा डबा

माणसाला एखादी खोड असावी, पण ती दहा बाय बाराच्या खोलीत मावेल एवढी तरी असावी. माझ्या सासऱ्यांना झाडांची खोड होती. ते आमच्या परळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक काठी आणि फडक्यात बांधलेल्या सात पिकलेल्या सुपाऱ्या होत्या. खायच्या नव्हेत, रुजवायच्या.

अठ्ठावन्न सालचा मार्गशीर्ष होता. कोंडाजी, म्हणजे माझे सासरे, श्रीवर्धनला चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वाडीत राबले. पाणी त्यांनीच शिंपायचं आणि सुपारी काढायला पोफळीवर त्यांनीच चढायचं. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन, जमिनीला पाय न लावता, ते दुसरीवर जायचे. साठी उलटली तरी जायचे. त्या वर्षी झोका चुकला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. मालकाने नवा माणूस ठेवला, वाडीतली खोपी त्याला दिली, आणि माझ्या नवऱ्याने बापाला मुंबईला आणलं.

मला ते आवडलं नाही, उगाच गोड कशाला बोलू? खोलीत आम्ही दोघं, दोन पोरं, चूल आणि मोरी. बाहेर गॅलरीचा चार हात तुकडा माझा, तिथे कोळशाचं पोतं आणि पाण्याचं पिंप. सासऱ्यांनी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिथे डालड्याचे सात रिकामे डबे ओळीने मांडले.

"मामंजी, मी कोळसा कुठं ठेवू?" मी विचारलं.

"वाईच सरकव की. कोळशाला ऊनपानी लागतंय का काय?"

प्रत्येक डब्याच्या बुडाला त्यांनी खिळ्याने पाच भोकं पाडली. लाल माती भरली. सुपारी देठाची बाजू वर ठेवून अलगद दाबली आणि एक दिवसाआड तांब्यातांब्याने पाणी घालू लागले. संध्याकाळी त्या डब्यांशेजारी बसून ते माझ्या पोरांना वाडीच्या गोष्टी सांगत. "पोफळ लावायची तर आदी केळ लावायची," असं एकदा सांगत होते. "केळीची पानं वाऱ्यानं हालत्यात. वाईच ऊन, वाईच सावली. त्यात पोफळ लहानाची मोठी व्हते." मी आत भाकऱ्या थापत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता केळ पण येणार की काय माझ्या गॅलरीत!

केळ नाही आली, येसूबाई आली. येसूबाई दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली राहायची. उरणकडची, मिठागरवाल्यांची लेक. अंग भरलेलं, आवाज त्याहून भरलेला. तिने गॅलरीत पापड वाळत घातले होते आणि डब्यांचं पाणी थेट त्यांच्यावर ठिबकलं होतं.

"काय गो राही," ती जिन्यातूनच ओरडली, "तुज्या सासऱ्याची पोफल माज्या पापडावर मुतते! परत थेंब पडला तं सगले डबे खाली टाकीन!"

सासरे तेव्हा पोरांना घेऊन बाहेर गेले होते. नाक्यावर रस्त्याला डांबर घालत होते. मी करवंटीत थोडं डांबर मागून आणलं आणि सातही डब्यांची भोकं खालून लिंपून टाकली.

आता मी तळे गावची. आमच्याकडे भात. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की माझा बाप बांधावर बसून समाधानाने विडी ओढायचा. झाडाच्या पायाशी पाणी साठलेलं बघून मला कधी भीती वाटली नाही. पाणी निघून गेलं तर भीती. मला वाटलं, बरंच झालं. सुपारीला पाणी मिळेल आणि येसूबाई गप्प बसेल. सापही मेला, काठीही नाही मोडली.

चार दिवसांनी सासऱ्यांनी वाकून डब्यांखाली हात फिरवला. "हल्ली गळत न्हाय ते?"

"माती बसली असंल," मी म्हटलं. खोटं इतकं पटकन तोंडातून येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

"बसलीच असंल," ते म्हणाले. "मंग पानी वाईच जास्त घालाय हवं, खाली पोचाय." आणि ते एकाच्या जागी दोन तांबे घालू लागले. वाळूत जन्म काढलेला माणूस तो. पाणी खाली अडतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पौष गेला, माघ गेला. कोंब येईना. चाळीतले लोक येता-जाता विचारायचे, "काय कोंडाजीबाबा, सुपारी कधी कातरायची?" ते हसायचे. शिमग्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी पहिल्या डब्यात बोटं घातली. सुपारी वर आली ती काळी, पिचपिचीत, आणि असा वास सुटला की पोरं नाक धरून पळाली. दुसऱ्यात तेच. सहा डबे त्यांनी उकरले. सातव्याशी थांबले.

"ह्यो न्हाय उकरत," ते म्हणाले. "कळलंय मला."

मग ते पिंपाजवळ बसले आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले. "चाळीस वर्सं माज्या हातची सुपारी कदी वाया गेली न्हाय. पाय गेला तवा वाटलं, जाऊंदे, हात हाय. आता हात बी गेला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी काय केलं, तर ते सहा डबे उचलून खाली नेले आणि त्यांनी बुडं बघायच्या आत भंगारवाल्याला देऊन टाकले.

चार दिवसांनी त्यांनी ट्रंक भरली. श्रीवर्धनला त्यांचा पुतण्या दादू राहत होता, एका पडवीत बायको आणि चार पोरांना घेऊन. "हिरामणा, मला बोटीवर घाल," ते मुलाला म्हणाले. "हितं मी निस्ती जागा अडवतोय." माझ्या नवऱ्याने खूप विनवलं. मी दाराशी उभी राहून पदर चावत होते. तीन महिन्यांपूर्वी मला हेच हवं होतं, आणि आता ते माझ्याच हातून झालं होतं. मला माझी लाज वाटली. लाज वाटूनही मी बोलले नाही, हे जास्त वाईट.

सातवा डबा कोपऱ्यात तसाच राहिला. मी त्याच्यावर कोळशाचं फावडं ठेवत होते आणि तांबे विसळलेलं पाणी त्यातच ओतत होते. पाडव्यानंतर एका सकाळी फावडं उचललं तर मातीतून पोपटाच्या चोचीएवढा हिरवा कोंब वर आला होता.

मी डबा जरासा कलता केला. त्याचं बूड जुनं, गंजलेलं होतं. गंजाची खपली पडली होती आणि तिच्याबरोबर माझं डांबरही. पाणी थेंब थेंब माझ्या कोळशाच्या पोत्यात मुरत होतं. कोळसा गेले दोन महिने धूर का करतो ते मला तेव्हा कळलं. मी डब्याशी बसून आधी हसले आणि मग रडले.

आमची गॅलरी पश्चिमेची. चैत्र लागला की दुपारी दोनपासून ऊन नुसतं ओतायचं. चार दिवसांत कोंबाचं टोक तपकिरी झालं. मी गोणपाट बांधलं, तर चाळीचं भाडं वसूल करणारा मेहता येऊन काढायला लावून गेला; रस्त्यावरून लक्तरं दिसतात म्हणे. डबा उचलून आत न्यावा, तर बूड हातात येईल. मग मला मामंजींची केळ आठवली. मी तांदळाचं सूप घेतलं आणि उन्हाकडे पाठ करून डब्यापुढे बसले. तांदूळ पाखडताना माझी सावली हलायची, कोंबावर वाईच ऊन, वाईच सावली. रोज दोन ते पाच. पाठ अशी भाजायची की रात्री पोलकं अंगाला लावून घेववत नसे.

आठव्या दिवशी येसूबाई वर आली. "काय गो, उन्हात बसून पापडासारखी वालतेस का?"

मी तिला सगळं सांगितलं. डांबर, खोटं, भंगारवाला, सगळं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते हिला सांगितलं. येसूबाई माझ्या शेजारी फतकल मारून बसली आणि वाकून त्या कोंबाचं करपलेलं टोक बघितलं.

"माज्या चार पापडांसाठी म्हातारा गेला," ती म्हणाली. "तू जा. त्याला घेऊन ये. तवर मी बसते हितं."

रात्री नवऱ्याला सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते बोटीच्या भाड्याचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले; रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पोरांना त्यांच्या हवाली करून मी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली. श्रीवर्धनला बोटीतून लहानशा पडावात आणि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्याला लागले. दादूचं घर वाड्यांच्या पलीकडे होतं. लग्नानंतर एकदाच आले होते, तेव्हा मान खाली होती. आता मान वर करून बघितलं. वर माड, त्यांच्या खाली पोफळी, त्यांच्या खाली केळी, आणि पायाशी पाटाचं पाणी झुळझुळत होतं. भर उन्हाळ्यात अंगावर गारवा आला. मी वाकून पाटातलं ओंजळभर पाणी बाजूला वाळूत ओतलं. आमच्या तळ्याच्या चिखलात पाणी आठवडा आठवडा उभं राहतं. इथे ते मी ओंजळ मोकळी करते तोवर नाहीसं झालं. मी पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. तिथेच खाली बसले. मग उठले आणि चालू लागले.

सासरे पडवीत एकटेच बसले होते, वाळलेली सुपारी सोलत. दाढी वाढलेली. मला बघून घाबरले.

"पोरं बरी हायत ना? हिरामण?"

"सगळी बरी हायत, मामंजी." मी त्यांच्या पाया पडले आणि उठायच्या आधीच बोलून टाकलं, कारण उठले असते तर पुन्हा धीर गेला असता. "डब्यांची भोकं मी बुजवली व्हती. डांबर लावून. पापडावर पानी पडत व्हतं म्हणून. मला वाटलं, भातासारखं चालंल. तुम्ही विचारलंत तवा मी खोटं बोलले."

 मी खाली मान घालून वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तरी मी त्या पदरात बांधून मुंबईला नेल्या असत्या.

"साती डब्यांना लावलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सातींना. पन सातव्याचं बूड गंजलं व्हतं, डांबर टिकलं न्हाय. त्यातनं कोंब आलाय. वीतभर झालाय."

त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर उताणे केले आणि त्या दिवशी पिंपाजवळ बघितले होते तसेच बघितले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडाने ते हसत होते.

"म्हंजी हात गेला नव्हता," ते म्हणाले.

"न्हाय मामंजी. अक्कल माझी गेली व्हती."

"अगं, तुला काय ठावं. तू भाताची." एवढंच. एवढ्यावर त्यांनी माझा चार महिन्यांचा गुन्हा मिटवला. मग एकदम ताठ झाले. "आनि आत्ता? हे ऊन बघ कसं तापलंय! पोफळीपाशी कोन हाय?"

"रोज मी बसत व्हते, पाठ करून. आज येसूबाई बसलीय."

"येसूबाई?" सासरे काठी चाचपडू लागले. "आगं, त्या बाईची सावली केवडी दाट! हालत बी नसंल जागची. पोफळ पिवळी पडंल माजी!" आणि आखूड पाय ओढत ते पडवीच्या कडेशी आले. "दादू! आरं दादू, केळीचा एक कोंब काढ गड्ड्यासकट. न्हाय, दोन काढ. एक येसूबाईला हुईल. राही, बोट किती वाजता हाय?"

"मामंजी, बोट उद्या सकाळी हाय."

"मंग ट्रंक आत्ताच भर," ते म्हणाले.