निलेशच्या नावाची सही

मेडिकलची पोरं इंटर्नशिपला खेड्यात गेली की काय करतात, हे कॉलेजात डीनपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. दोघांनी आठवडे वाटून घ्यायचे. एकाने आरोग्य केंद्र सांभाळायचं, दुसऱ्याने घरी बसून पीजीच्या परीक्षेचं रटायचं, आणि हजेरीवर दोघांच्याही सह्या एकानेच ठोकायच्या. पाप कसलं आलंय त्यात? रीतच होती ती!

हमरापूरचा निलेश आणि रोह्याच्या ज्यू घरातला जोशुआ एकाच बॅचचे, होस्टेलला एकाच खोलीतले. ब्याण्णव साली पेणच्या खाडीकाठी एका केंद्रावर दोघांची नेमणूक झाली. जोशुआला पीजीची घाई नव्हती. त्यामुळे निलेशचे घरचे आठवडे वाढत गेले आणि जोशुआ बिचारा मुकाट्याने त्याची सही मारत राहिला.

अशाच एका दुपारी शेजारणींनी सगुणाला बाळंतपणासाठी आणून सोडलं आणि त्या तिच्या आईला बोलवायला धावल्या. माहेरी आलेली पोर. आई इंदुबाई मिठागरावर कामाला गेलेली. मुलगी सुखरूप झाली, पण सगुणाचं रक्त काही थांबेना. मोठे डॉक्टर आणि नर्स लसीकरणाला दुसऱ्या गावी. एकट्या जोशुआने पोट दाबून धरायचं, सलाईन लावायचं, की पेणला न्यायला गाडी बघायची? आणखी दोन हात हवे होते हो! ते हात तेव्हा हमरापूरला पुस्तकाची पानं उलटत होते. इंदुबाई धावत पोचली तोवर सगुणा गेली होती.

चौकशी झाली. जोशुआ खरं बोलला असता तर निलेशची इंटर्नशिप लांबली असती, पीजी बोंबलली असती. जोशुआ म्हणाला, "आम्ही दोघंही होतो. शर्थ केली." हजेरीवर दोन सह्या होत्याच. विषय मिटला. आणि निलेशने काय करावं? मित्राला मिठी मारली आणि पुन्हा पुस्तक उघडलं. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण फार उशिरा.

अठ्ठ्याण्णवला पेणजवळ रामवाडीच्या एका हॉटेलात बॅच जमली. निलेश आता एम.डी. झालेला. जोशुआ कायमचा इस्राएलला निघालेला, सगळ्यांचा निरोप घ्यायला आलेला. आत जुन्या मास्तरांच्या नकला रंगल्या होत्या. निलेशने जोशुआला बाहेर ओढलं.

"माफ कर रे मला. हे ओझं नाही झेपत आता."

"माझ्याकडे काय मागतोस?" जोशुआ म्हणाला. "इंदुबाई आहे अजून. तिला धीर द्यायला मी तेव्हा बरंच काही खोटं बोललो. सहा वर्षांत ते खोडायला जायची माझी काही छाती झाली नाही. तू जा. तुला जमलं तर बघ."

दुसऱ्याच दिवशी सकाळी निलेश इंदुबाईच्या घरी गेला. नात शाळेत गेलेली. इंदुबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

"मी डॉक्टर निलेश. सगुणा गेली त्या दिवशी..."

"तुम्हीच व्हय ते दुसरे?" इंदुबाईने सूप बाजूला सारलं. "बसा, बसा! किती वरसं वाट बघते मी तुमची. त्या डॉक्टरांनी सांगितलंय मला सगळं. ते सलाईन लावत व्हते आन् तुम्ही तिचा हात धरून व्हतात. मी पोचले तवा तुम्ही बाळाला घेऊन आत व्हतात म्हणे. दोन दोन डॉक्टर व्हते. येकटी नाय गेली माझी पोर. तेवढ्यावर जगले मी."

'मी तिथे नव्हतो', एवढंच वाक्य वाटेत शंभरदा घोकलं होतं निलेशने. मोठमोठ्या परीक्षा धडाधड पास झालेला हा माणूस, पण ते तीन शब्द त्याच्या तोंडून फुटेनात.

"येक विचारू?" इंदुबाई म्हणाली. "शेवटाला काय बोलली वो ती? ते तुम्हालाच ठाऊक."

निलेशने मान खाली घातली.

"तुम्हाला हाक मारली," तो म्हणाला.

इंदुबाईने पदर तोंडात कोंबला आणि ती पोटभर रडली. मग डोळे पुसून त्याच्याजवळ सरकली.

"परत सांगा, डॉक्टर," ती म्हणाली. "कशी मारली हाक?"