तिसऱ्यावरून दुसऱ्यात

थोरल्याने क्लच दाबून तिसरा गिअर काढला, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला पायाची हलकी थाप दिली, पुन्हा क्लच दाबला आणि दुसरा टाकला. दांडा मध्येच अडला. एक खरखरीत थरथर त्याच्या तळव्यातून मनगटापर्यंत चढली. शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या खुर्चीत बसणारे पेशंट बहुधा असेच डोळे मिटत असतील.

"पाहिलंत?" तो म्हणाला.

माझ्या हातात ही असं कधी करत नव्हती, असं त्या म्हणाल्या. त्याने "काय?" विचारल्यावर त्यांनी तेच पुन्हा, जरा चढ्या आवाजात सांगितलं.

"सवय होते, डॉक्टर. दुखणं घरातलंच असलं की दिसत नाही."

गाडी छोटी, उघड्या टपाची, दोनच आसनांची होती आणि रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. दवाखाना थाटला त्याच वर्षी बाईंनी ती घेतली, तेव्हा घरचे हसले होते, की हिच्यात एक तर तू बसशील नाहीतर तुझी पर्स. आता पंचवीस वर्षं दाढा उपटून बाईंचं मनगट गेलं होतं. तीन महिने पट्टा होता आणि गाडी चालवायला बंदी. म्हणून प्रश्न निघाला होता, की जुना चार गिअरचा बॉक्स ठेवायचा, की याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलमधला पाच गिअरचा बॉक्स बसवायचा. निर्णय आज व्हायचा होता.

वर्कशॉप दोघा भावांचं. थोरला फक्त गिअरबॉक्स बघायचा. इंजिन, ब्रेक, फोन आणि गिऱ्हाईक हे सगळं धाकट्याकडे. थोरला एक चक्कर मारतो आणि कुठला दात दुखतोय ते सांगतो, अशी त्याची ख्याती होती.

जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही आणि दुसऱ्याचा नावापुरता. इंजिनचा आणि चाकांचा वेग जुळवून देणं हे चालवणाऱ्याचं काम. गिअर काढायचा, इंजिन वर चढवायचं, त्याचा सूर हवा तिथे पोचला की दातात दात बसवायचे. जमलं तर दांडा आपणहून आत ओढला जातो, हुकलं तर खर्रकन आवाज होऊन भर रस्त्यात शोभा. नव्या बॉक्समध्ये प्रत्येक गिअरला सिंक्रो असतो. वेग तो आपला आपण जुळवून घेतो आणि पायाची चूक पोटात घालतो.

थोरल्याला हे पोटात घालणं मंजूर नव्हतं. त्याच्या मते ते घास चावून भरवण्यासारखं होतं. धाकट्याला शिकवताना त्याने इंजिनच्या मीटरवर फडकं टाकलं होतं. काट्याकडे बघायचं नाही, इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं. तोच धाकटा गेली पावणेदोन वर्षं नव्या बॉक्समागे हात धुऊन लागला होता. जुनी गाडी दारात आली की याचं पालुपद सुरू. अकरा गाड्यांचे जुने बॉक्स त्याने उतरवले. याला कष्ट नकोत, आयतं हवं, असं थोरला चारचौघांत म्हणायचा आणि धाकटा ऐकून घ्यायचा. पण चाचणीत दर वेळी खोट सापडायची ती थोरल्याच्याच हाताला, त्यामुळे त्यालाही पुढे बोलता येत नसे.

हा बारावा मात्र त्याला छळत होता. वीस वर्षांपूर्वी त्याने तो स्वतः बांधला होता. गेल्या आठवड्यात खोलला, तर आत काहीच नाही. बाईंनी तर पर्समधून आपला तोंडात घालायचा बारका आरसा काढला आणि टॉर्चच्या उजेडात एकेक दात फिरवून पाहिला.

"माझे निम्मे पेशंट या दातांवर जळतील," त्या म्हणाल्या. "ना कीड, ना झीज. चांगला दात मी उपटत नाही. तुम्ही का उपटताय?"

त्याने बॉक्स पुन्हा जोडला आणि चालवला, तर खरखर तशीच. दात स्वच्छ दिसतात आणि रोग सापडत नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. हा बॉक्स उतरवायचा म्हणजे मला कळलं नाही असं कबूल करायचं.

गाडी वर्कशॉपच्या दारात येऊन थांबली तेव्हा धाकट्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

"अजून घासतोच आहे," थोरला म्हणाला.

मग उतरवू या, बाकड्यावर नवा तयारच आहे, असं धाकटा लगेच म्हणाला. सकाळी त्याने बाईंना पाच गिअरच्या गाडीतून फिरवून आणलं होतं. गाडी शहाण्या पाहुण्यासारखी आहे, काही मागत नाही आणि काही बोलतही नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. आता त्या धाकट्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, की तुम्ही नव्याचे वकील, तेव्हा जुनी एकदा तुमच्याच हातात बघायची आहे.

धाकटा टाळायला लागला. हात बसलेला नाही, फोन यायचाय.

"त्याच्याने काय होणार?" थोरला म्हणाला. "जुना चालवणं विसरला तो कधीच."

बाईंनी किल्ली पुढे धरली. "बसा," त्या म्हणाल्या. हा आवाज ऐकून भलेभले तोंड उघडत असणार. धाकटा बसला.

आसनं दोनच, त्यामुळे बाई दारात थांबल्या. थोरल्याने शेजारी बसून दांड्याच्या बुडाशी तळवा टेकला. पहिल्या वळणावर धाकट्याने तिसऱ्यावरून दुसरा टाकला आणि तीच थरथर तळव्यात आली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. थोरल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण दुसऱ्या वेळी त्याची नजर खाली गेली होती. दोन क्लचच्या मध्ये धाकट्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरला लागलाच नव्हता. असली चूक शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो. तो आता बोलणार, तोच उतारावर दोन माणसं खिडकीची मोठी काच धरून फुटपाथवरून खाली उतरली.

धाकट्याने ब्रेक दाबला. पुढचं त्याच्या हातापायांनी त्याला न विचारता केलं. क्लच, थाप, क्लच, दुसरा. परत क्लच, थाप, क्लच आणि पहिला. ज्याला सिंक्रोच नाही तो पहिला. थोरल्याच्या तळव्याखाली काहीही हललं नाही. काच गाडीपुढून सावकाश पलीकडे गेली.

धाकट्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

हे तुला कसं जमलं, असं थोरल्याने विचारलं नाही. त्यानेच तर शिकवलं होतं.

"मगाशी दोनदा मुद्दाम घासलास?"

धाकटा स्टीअरिंगची शिवण नखाने खरवडत राहिला.

"मी चालवतो तेव्हा इंजिन कुठवर चढतं?"

"अर्ध्यावर," धाकटा त्याच्याकडे वळून म्हणाला. "तिथेच तू गिअर टाकतोस, दादा. दर वेळी."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

थोरल्याने हात मांडीवर घेतला. "ते अकरा?"

"दोन खरंच गेले होते. बाकीचे आहेत माझ्याकडे. तेल लावून, गुंडाळून ठेवलेत. नव्यात पाय चुकला तरी कुणाला कळत नाही. मला वाटलं, तेवढीच तुझी अब्रू…"

चारचौघांत आपण धाकट्याला काय काय म्हटलं होतं, ते थोरल्याला गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांसकट आठवू लागलं.

"तुझ्या वहिनीला माहीत आहे?"

"वहिनीनेच मला सांगितलं."

परतताना धाकट्याने एकही गिअर घासला नाही. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत त्याने डोळ्याला डोळा देऊन सांगून टाकलं, की माझ्याही हातात घासतोय, उतरवावाच लागेल.

थोरला गाडीतून उतरत होता. ठेंगणी गाडी, त्याचे गुडघे जुने, त्यामुळे उतरायला वेळ लागला. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी मान डोलावली असती, संध्याकाळपर्यंत नवा बॉक्स बसला असता आणि सगळं पोटात गेलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "बॉक्सला काही झालेलं नाही, डॉक्टर. मनगट बरं झालं की घेऊन जा."

"मग तो आवाज?"

"तो माझ्या हातचा. मला इंजिन ऐकू येत नाही."

बाईंनी एकदा धाकट्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग त्यांनी फक्त व्यवहाराचं विचारलं. मनगटाचा पट्टा सुटेपर्यंत गाडी आठवड्याला एकदा तरी फिरायला हवी, ते कोण करणार?

"हा करील," थोरला म्हणाला. "याचा हात चांगला आहे."

बाई गेल्या. थोरल्याने जॉबकार्डवर स्वतःच लिहिलेलं 'गिअरबॉक्स बदलणे' खोडलं आणि तारीख टाकली. धाकटा पाठमोरा, दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकला होता. तो काहीतरी सांगत होता, आणि खांद्यांच्या हालचालीवरून ते बरंच लांबलचक असावं. एरवी थोरल्याने "हं" म्हणून कार्ड टांगलं असतं.

आज त्याने कार्ड खाली ठेवलं, बॉनेटला वळसा घालून तो पलीकडे गेला आणि धाकट्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"इकडे तोंड करून बोल," तो म्हणाला.