नाव हातात द्या

"वहिनी, बँडवाल्याचा कोट नर्सबाईंच्या घरी गेलाय!" लाँड्रीवाला फोनवर ओरडत होता. "तो इथं बनियनवर उभा आहे, संध्याकाळी वाजवायचंय त्याला. आणि नर्सबाई विचारतायत, सोनेरी बटणं लावून ड्युटीवर जाऊ का!"

मला हसू आवरेना. लाँड्रीचं सॉफ्टवेअर आमचं, आणि कपड्यांचे टॅग छापणारा त्यातला भाग खास आमच्या ह्यांचा. आम्ही नवरा-बायको घराच्या पुढच्या खोलीत बसून छोट्या दुकानदारांसाठी प्रोग्रॅम लिहितो. लोक फक्त संसारात भांडतात, आम्ही कोडमध्येही भांडतो.

खरं तर त्या दिवशी हसायची माझी मुळीच इच्छा नव्हती. सकाळीच सुनेचा फोन आला होता. "आई, तुमची खोली रंगवून झाली. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात दोघं कायमचे येताय!" मी "अगं वा" म्हणाले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. हे घर, ही खोली, शेजारणीशी कुंपणावरून होणाऱ्या गप्पा, सगळं सोडून मुलाच्या गावी जायचं ठरलं होतं आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही चकार शब्द काढला नाही. माझं तोंड बघून ह्यांना कळायला नको का, म्हणून फुगून बसले होते.

टॅगमधली चूक लगेच सापडली. छापणारा भाग गिऱ्हाइकाचं नाव कुणाकडून मागून घेतच नव्हता. काउंटरच्या स्क्रीनवर त्या क्षणी जे नाव उघडं असेल, तेच उचलत होता. बँडवाल्याचे कपडे नोंदवताना मध्येच नर्सबाईंचा फोन आला, लाँड्रीवाल्यानं त्यांचं पान उघडलं आणि कोट त्यांच्या नावावर गेला.

"समोर कोण आहे ते दिसतंच की," हे म्हणाले. "दरवेळी मुद्दाम सांगत बसायचं का?"

"बसायचं. ज्याला काम सांगताय, त्याच्या हातात नाव द्या."

"अगं, काउंटरपासून छपाईपर्यंत मध्ये प्रोग्रॅमचे चार भाग आहेत. त्यांना त्या नावाशी काय देणंघेणं? त्यांनी नुसती हमाली करायची?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. दुकानाचं नाव, पत्ता असल्या गोष्टी प्रत्येकाच्या हातात कोंबत बसलं तर कामाचा विचका होतो. त्या आजूबाजूला असल्या तरी चालतं. "पण जे माणसागणिक बदलतं," मी म्हणाले, "ते गृहीत नाही धरायचं. विचारायचं!"

शेवटचा शब्द जरा जोरातच गेला. ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टॅगचंच चाललंय ना?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागले.

दुपारी बदल पुरा झाला. ह्यांनी मुद्दाम नाव न देता टॅग छापायला सांगितलं, तर यंत्र ढिम्म. "हट्टी आहे गं," हे खुशीत म्हणाले. "नाव दिल्याशिवाय हलत नाही." तेवढ्यात बँडवाल्याला कोट मिळाल्याचाही निरोप आला.

मग ह्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. एकदम खुर्ची माझ्याकडे वळवली. "सुनेचा फोन आला होता ना सकाळी?"

"आला होता."

"तुला जायचंय का तिकडे?"

मी भांडणाची जय्यत तयारी केली होती, उत्तराची अजिबात नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला हॉटेलात काय खाणार हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "सुट्टीत जाऊ, हवं तितकं राहू. पण मला इथंच राहायचंय. आणि तुम्हाला?"

हे बावचळले. "मला तर मुळीच जायचं नाहीये. नातीसाठी तुझा जीव तुटतो, म्हणून मन घट्ट करून हो म्हणालो."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग दोघंही इतके हसलो की शेजारीण कुंपणापाशी आली.

ह्यांनी लगेच मुलाला फोन लावला. "अरे, आम्ही नाही येत. ती खोली नातीला द्या. हो, आईला विचारलं मी." मग मोठा पराक्रम गाजवल्यासारखा आवाज चढला. "समोर बसून विचारलं!"

पलीकडून मुलगा काहीतरी बोलला. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तिनं मलाही विचारलं रे."