येणेगूरवरून मागं

उमरग्याच्या हायवेवरच्या त्या दवाखान्यात शिवलीला कॉम्प्युटर सांभाळायची. सीटी स्कॅन सोलापूरच्या मेंदूच्या सर्जनकडं पाठवणं हे तिच्याच गळ्यातलं काम. इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरवर स्कॅन चढवायचा, तिकडून सर्जन उघडून बघायचे. रविवारी त्या सर्व्हरची जागा बदलली होती. त्याचा नंबर बदलला, पण नाव तेच राहिलं, म्हणून कुणाला काळजी वाटली नव्हती.

मंगळवारी दुपारी श्रीशैल आपल्या आईला, गंगम्माला, घेऊन आला. पोती उतरवताना म्हातारी ट्रॉलीवरून डोक्यावर पडली होती. आली तेव्हा बोलत होती. स्कॅन होईस्तोवर डोळे मिटायला लागली. मेंदूवर रक्त साचलेलं डॉक्टर कृष्णराजांना दिसलं, पण ते पोटाची ऑपरेशनं करणारे. सोलापूरचे सर्जन फोनवर म्हणाले, मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून काही ठरवता येत नाही, पुरा स्कॅन पाठवा.

शिवलीलानं बटण दाबलं. सर्व्हर सापडत नाही, असं मशीनच्या कॉम्प्युटरवर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

तिनं मोबाइलवर तेच नाव टाकलं, उघडलं. स्वतःच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर टाकलं, उघडलं. सोलापूरला सर्जनच्या मॅकवरही उघडत होतं. म्हणजे सर्व्हर जिवंत होता. मशीनजवळचा हा विंडोजचा एकटाच कॉम्प्युटर आडवा पडला होता, आणि स्कॅन नेमका त्याच्याच पोटात होता. व्हायरस शिरल्यापासून त्याला पेन ड्राइव्ह लावता येत नव्हता. नावाऐवजी थेट सर्व्हरचा नंबर टाकावा, तर ती सेटिंग कंपनीच्या पासवर्डात बंद, आणि कंपनीचा माणूस फोन उचलेना. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्यानं साठवलेले जुने नंबर पुसले. इंटरनेटची वायर काढून लॅपटॉपला लावली, परत इकडं लावली. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

डॉक्टर दारात आले. “किती वेळ लागंल?”

“सांगता येत न्हाय, सर.”

तिला खोटं बोलता आलं असतं, पण ते खोटं म्हातारीच्या जिवावर गेलं असतं. श्रीशैल मागंच उभा होता. आता थांबायचं न्हाय, आईला सोलापूरला नेतो, असं त्यानं सांगून टाकलं. डॉक्टरांपाशी त्याला अडवण्यासारखं काही नव्हतं. ॲम्ब्युलन्स निघाली. तिचा आवाज हायवेवर विरत गेला, आणि शिवलीलाला वाटलं, आपण खुर्चीतून उठावं आणि घरी निघून जावं.

ती उठली नाही. तिनं विंडोजला नुसतं विचारलं, या नावाचा नंबर काय? त्यानं नवा नंबर सांगितला, लॅपटॉपवर होता तोच. मग त्याच नावाकडं त्याला जायला लावलं, तर तो जुन्या नंबराकडं गेला. विचारलं की बरोबर सांगतो आणि जाताना चुकीच्या दाराला जातो. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. असा हट्ट एकाच ठिकाणी लिहिलेला असतो, विंडोजच्या आतल्या होस्ट्स नावाच्या फाइलीत. तिच्याआधी इथं असलेल्या सोमेशनं कधीतरी इंटरनेट रडत होतं तेव्हा नावापुढं नंबर हातानं लिहून ठेवला होता. सर्व्हर हलला, ती ओळ तिथंच राहिली.

तिनं ओळ पुसली. कॉम्प्युटर सेव्ह करू देईना. तिनं फाइल ॲडमिनच्या हक्कानं परत उघडली, ओळ पुसली, सेव्ह केलं. बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकायला लागली.

स्कॅन बघून सर्जननी लगेच फोन केला. रक्त वाढतंय, बाई सोलापूरपर्यंत टिकायच्या नाहीत. तिथंच कवटीला भोक पाडून रक्त काढा, मी फोनवर एकेक गोष्ट सांगतो. डॉक्टर कृष्णराजांनी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मग शिवलीलाला म्हणाले, त्यांना मागं बोलाव.

ॲम्ब्युलन्स येणेगूरच्या पुढं गेली होती. श्रीशैल ऐकेना. अर्ध्या वाटेतून आईला माघारी आणायला त्याचं मन घेत नव्हतं, आणि मघाशी हीच बाई ‘सांगता येत न्हाय’ म्हणाली होती.

“मघा मला म्हाईत नव्हतं म्हणून तसं बोलले,” शिवलीला म्हणाली. “आता म्हाईत हाय. दादा, फिरा मागं.”

श्रीशैल ड्रायव्हरला कानडीत म्हणाला, गाडी फिरव.

गंगम्मा ऑपरेशनला आत गेली तेव्हा कशालाच हूं की चूं करत नव्हती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. रक्त निघालं, म्हणाले, पुढचं बघू.

म्हातारी वाचली. पण उजवा हात उचलेना, आणि आयुष्यभर बोललेलं मराठी तिच्या तोंडून पार गेलं. राहिली ती माहेरची कानडी. सोलापूरच्या सर्जननी नंतर सांगितलं, थोडं आधी रक्त निघतं तर कदाचित हातही राहिला असता. शिवलीलाला कुणी बोल लावला नाही. तिलाच घास गोड लागेना. नर्सला म्हातारीचं काही कळत नसे, शिवलीलाला कानडी येई, म्हणून वॉर्डात तिलाच बोलावत. एके दिवशी गंगम्मा डाव्या हातानं तिचा पदर ओढत ‘नीर, नीर’ करत होती. शिवलीलानं तिची मान उचलून धरली आणि पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला.