हिरवी जर्सी, नंबर नऊ

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आखातातल्या नजमा वस्तीतल्या लोकांना चहाबरोबर चघळायला एकच गोष्ट होती: जाफर जाणार. कुणी म्हणे हिरव्या क्लबात जाणार, कुणी म्हणे जाणार कसला, गेलाच, सही झाली. रहमानच्या कॅफेटेरियात तर एका दीडशहाण्यानं त्याला कुवेतलाही पोचवून टाकलं. लोकांचं काय जातंय? जिभेला हाड नसतं.

जाफर म्हणजे सुदानी गडी, साडेसहा फुटांच्या वर. लाल क्लबानं त्याला पगार देऊन बास्केटबॉल खेळायला आणलं होतं, आणि तीन वर्षं त्याच्याच जिवावर क्लब चषक उचलत होता. तो बाजारातून चालला की दुकानदार गिऱ्हाईक सोडून उठायचे.

रहमानच्या शेजारी शहाजीचं शिंप्याचं दुकान. शहाजी मूळचा बार्शीचा. त्यानं शिवलेला नंबर शंभर धुण्यांतही उसवायचा नाही, म्हणून सगळ्या क्लबांचे कपडे त्याच्याकडेच यायचे. जाफरचा डावा खांदा जुन्या मारानं बोटभर उतरलेला आहे, हे त्याच्या टेपाला ठाऊक होतं. माणूस तसा बोलका, पण धंद्यातलं बोलायचा नाही. बार्शीच्या उस्तादानं शिकवलं होतं, गिऱ्हाईकाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

त्यामुळे रहमाननं कितीदा खोदलं तरी शहाजी मान हलवून मशीन चालवायचा. आणि सांगण्यासारखं तर त्याच्याकडे होतं! गेल्याच आठवड्यात हिरव्या क्लबाचा माणूस गाडी लांब लावून दुकानात आला होता. "जाफरचं माप तुझ्याकडे आहेच. आमच्या हिरव्यात एक जर्सी शिव, नंबर नऊ. आणि तोंड बंद." शहाजीनं ती शिवली, डावा खांदा बोटभर उतरता ठेवून. कागदात गुंडाळून दिलीसुद्धा.

हे सगळं त्यानं कायमचं गिळलं असतं. पण मच्छिंद्र आला.

मच्छिंद्र शहाजीच्या शेजारच्या गावचा. लाल क्लबानं त्याला जाफरची गाडी चालवायला ठेवला होता. नावाला ड्रायव्हर. जाफरला जेवायला घालणारा तो, ताप आला तर उशाशी बसणारा तो, आणि रोज संध्याकाळी त्या उतरल्या खांद्याला तेल चोळणाराही तोच. जाफर त्याच्याकडून हिंदी शिकला, वर थोडी मराठीही. सामना जिंकला की भर मैदानात "चल गड्या!" म्हणून त्याला हाक मारायचा, आणि आजूबाजूचे अरब बघत राहायचे.

गुरुवारी दुपारी मच्छिंद्र दुकानात येऊन स्टुलावर बसला. चेहरा ओढलेला.

"शहाजी, पाण्याच्या ट्यांकरवाल्या कंपनीत जागा हाय. शनिवारपातुर व्हय का न्हाई सांगायचंय."

"मग? तुला काय कमी हाय इथं?"

"जाफर गेला तर? माझा व्हिसा त्याच्या गाडीपायी हाय. क्लबाचा सेक्रेटरी सरळ म्हणाला, जाफर न्हाई तर ड्रायव्हर कशाला, घरच्या इमानात बसवीन. पोरगी सोलापुरात नर्सिंगला हाय, तिची दीड वरसं राहिलीत. रिकाम्या हातानं जाऊन बायकूला काय तोंड दावू?"

"जाफरलाच इचार की."

"इचारलं. हसला. म्हणाला, बाजारात लोक लई बोलत्यात." मच्छिंद्रनं त्याच्याकडं पाहिलं. "तू समद्या क्लबांचं शिवतोस. तुला कायतरी ठावं असंल. गाववाला म्हणून इचारतो. सांग की लेका!"

शहाजीनं कात्री उचलली, खाली ठेवली. उस्ताद आठवला. मग वाटलं, उस्तादाला काय माहीत परदेशात माणसाचं पोट एका कागदावर कसं लटकतं? आणि शहाजीच्या मनात संशयाला जागाच नव्हती. सुपारी फुटल्याशिवाय नवरदेवाचा कोट कोणी शिवायला टाकतं का? उभ्या जन्मात त्यानं तसा कोट शिवला नव्हता. माप गेलं, कपडा झाला, म्हणजे सोयरीक पक्की.

"ट्यांकर धर," तो म्हणाला. "हिरवी जर्सी मी माझ्या हातानं शिवलीया."

मच्छिंद्र स्टुलावरून उठला. मग एवढंच म्हणाला, "मला सांगितलं न्हाई त्यानं. तीन वरसं त्याचा खांदा चोळला, आन् मलाच न्हाई सांगितलं."

शनिवारी त्यानं नव्या नोकरीला होकार दिला. सेक्रेटरीनं उलट सुटकेचा श्वास टाकून दुसरीकडे जायला मोकळीक देणारा रिलीजचा कागद दिला, कारण त्यालाही जाफर चाललाच असं वाटत होतं. पासपोर्टवर नव्या मालकाचा शिक्का बसला. आता दोन वर्षं तिथून हलायचं नाही. जाफरला तो म्हणाला, तिकडं पगार जास्त आहे. बस, इतकंच. चावी टेबलावर ठेवली आणि निघाला.

आणि जाफर गेला नाही!

पुढल्या शुक्रवारी तो लाल जर्सीतच मैदानात उतरला. रहमाननं ही बातमी दिली तेव्हा शहाजीच्या हातातली सुई बोटात घुसली. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. आपण काय करून बसलो, हे त्याला मशीनचं चाक फिरवताना, चहा पिताना, सारखं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारातला उजेड अडला. जाफर वाकून आत आला आणि मच्छिंद्र बसायचा त्याच स्टुलावर बसला.

"शहाजीभाई, तू त्याच्या गावाकडचा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "मच्छिंद्र का गेला? माझं काय चुकलं? पैसे हवे होते तर मला सांगायचं. मी दिले असते."

गप्प बसता आलं असतं. पण मच्छिंद्र पैशाला भुलला असं या माणसाला वाटत राहावं? शहाजीला ते सोसवेना.

"पैशासाठी नाही गेला. मी सांगितलं त्याला, तुम्ही जाणार म्हणून. ती जर्सी मीच शिवली होती."

जाफरनं डोळे मिटले. शहाजीला वाटलं, आता हा उठून मारणार, आणि मारावंच.

"तो जायच्या आधीच त्यांनी ती जर्सी माझ्यापुढे ठेवली," जाफर हळू म्हणाला. "खांदा बघूनच मी ओळखलं, ही तुझी. खूप पैसे देत होते. मी म्हटलं, येतो, पण माझा ड्रायव्हर बरोबर येईल. ते म्हणाले, आमच्याकडे ड्रायव्हर आहेत. मी म्हटलं, मग खलास." त्यानं हात झटकले. "मी गेलो असतो तर त्याला विमानात बसवून परत पाठवलं असतं. त्याच्या मुलीचं मला माहीत आहे."

म्हणजे हिरव्यांनी नुसतं गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं, आणि शहाजी त्यालाच लग्न समजला. त्याला रडू फुटलं. मोठा बाप्या माणूस, पण हुंदका आवरेना.

जाफर उठला. दारात थांबून म्हणाला, "त्याला हे सांगू नकोस. दोन वर्षं अडकला आहे तो. उगाच जीव जाळील. अल्लाची शपथ घे."

शहाजीनं शपथ घेतली, आणि मनापासून घेतली.

महिन्याभरानं शुक्रवारी दुपारी मच्छिंद्र शर्टाची कॉलर उलटून घ्यायला आला. उन्हानं करपला होता. रोज दूरच्या दुखान गावाच्या रस्त्यानं टँकरमधून पाणी वाहायचं, दुसरं काही नाही. शहाजीनं चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं.

"ऱ्हायला म्हणं तो," मच्छिंद्र एकदम म्हणाला. "सौदा फिसकटला असंल. हिरव्यांनी पैसं कमी केलं असतील, दुसरं काय? तो काय कुणाच्या मायेपायी थोडाच थांबनार? मोठी मान्सं ती. त्यांना ड्रायव्हर काय, आज ह्यो, उद्या त्यो."

शहाजी कॉलर उसवत राहिला.

"मी येडा. सख्ख्या भावागत केलं त्याचं. त्यानं साधं इचारलं सुदिक न्हाई, का चाललास म्हणून."

"इचारलं!" शहाजी ओरडलाच. त्याच्यानं राहवलं नाही. "इथं यिऊन इचारलं, तू बसलाईस तिथंच बसून. पैशाचा सवाल नव्हता, मच्छिंद्र. त्यांनी रग्गड दिलं होतं. त्यानं तुझ्यासाठी लाथाडलं. माझा ड्रायव्हर येत असंल तरच येतो, म्हणाला."

मच्छिंद्रनं चहाचा ग्लास खाली ठेवला. बाहेर रहमान कुणाला तरी उरलेले सुटे पैसे मोजून देत होता. मच्छिंद्रनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, परत पुसलं, आणि अर्ध्या उसवलेल्या कॉलरचा शर्ट शहाजीच्या हातातून काढून घेतला.

"थांब की, शिवून देतो."

"ऱ्हाऊ दे."

तो दारापर्यंत गेला. तिथून त्यानं मागं वळून पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर शहाजीनं तो आनंदानं झेलला असता.

"जाफर पैशाला भुलला असं म्हणून दोन वरसं निभावून नेली असती मी," मच्छिंद्र म्हणाला. "हे तरी पोटात ठेवायचं हुतंस, शहाजी."