कचरा दिसतोय, म्हणजे बरं आहे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर बसस्थानकावर घोषणा दिल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळ्या गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. निवृत्तीनंतर घशाचा आजार निघाला आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी माझ्या धाकट्या दिराने त्यांना माइकसमोर बसवलं आणि घरात लागणारी वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून घेतली. ‘जेवायला वाढा.’ ‘कोण आलंय?’ ‘पंखा बंद करा, वारा अंगावर येतोय.’ वाक्यं बाबांनी स्वतः निवडली, त्यामुळे सगळी हुकमाची. विनंतीचं एकही नाही. माणूसच तसा आहे.

दिराने एक छोटी बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून दिली. बाबांनी तिच्यावर क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडायची. तिच्यात वाक्याचा नंबर दाबायचा, की फाइलमध्ये त्या नंबरापुढे जे नाव लिहिलंय ते रेकॉर्डिंग वाजायचं. रेकॉर्डिंगची नावं सरळ मराठीत होती, ‘पंखा बंद करा’ नावाच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा बंद करा. नंबर बाबांना तोंडपाठ. जन्मभर गाड्यांचे नंबर घोकलेल्या माणसाला त्यात काय अवघड!

ही सगळी खटपट आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी होती. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, बस. बाबा पाटीवर कितीही मोठं लिहोत, आईंना ते दिसणार नाही. तेव्हा नवरा-बायकोंत बोलणं चालायचं ते त्या कॉम्प्युटरमधूनच.

आणि तो कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने सगळ्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर घातल्या. रेकॉर्डिंगची जागा बदलली म्हणून बॅच फाइल उघडून तेवढा पत्ता सुधारला, सेव्ह केली आणि मोठ्या तोऱ्यात घरी आणून दिली. बाबांनी नंबर दाबला. आवाज नाही. दुसरा दाबला. आवाज नाही. खिडकीत नुसता कचरा: परदेशी अक्षरं, तुटक्या रेघा, मधेच एखादा ठोकळा, आणि शेवटी ‘फाइल सापडली नाही’. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, “आमच्याकडे तर सगळं नीट दिसत होतं.” मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधल्या काळात मी मोबाइलवरचा बोलणारा प्रोग्राम लावून पाहिला. बाबा टाइप करणार, मोबाइल वाचून दाखवणार. पहिल्याच वाक्याला आई दचकल्या. “हा कोण परका पुरुष घरात शिरलाय? काढ त्याला बाहेर.” मग बाबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यावर आई म्हणाल्या, “टाळी वाजवून बोलवायला मी काय कबूतर आहे?” बाबा चिडले, गॅलरीत जाऊन बसले आणि तिथेच बसायला लागले. त्यानंतर आईही गप्प झाल्या. मी बोलत राहायचे, पण सुनेशी बोलणं वेगळं आणि नवऱ्याशी भांडणं वेगळं.

शेवटी एका सकाळी आईंनी मला सांगितलं, “मी माझ्या ताईकडे राहायला जाते. उद्या ती न्यायला येतेय. तिथे निदान कुणी हाक तरी मारेल.”

“किती दिवसांसाठी?”

“बघू,” त्या म्हणाल्या.

दीर कामासाठी अशा जागी गेला होता की फोन लागायचाच नाही. मी रोज लावत होते. त्या दुपारी लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. आईंचं जाणं, बाबांची गॅलरी, दुकानदाराचा उद्धार, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने शांतपणे विचारलं, “वहिनी, आधी एक सांगा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतायत की कचरा?”

“इथे घर मोडायला निघालंय आणि तुम्हाला चिन्हं मोजायची आहेत?”

“मोजू नका, नुसतं बघा. प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं गेली, ती परत येत नाहीत. कचरा असेल तर अक्षरं आत धडधाकट आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जातायत.”

मी चष्मा लावून ओळ न् ओळ पाहिली. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. “कचरा आहे भावजी. अस्सल कचरा.”

“वा! मग बरं आहे,” तो म्हणाला. कचऱ्याचं एवढं कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं.

मग त्याने मला एक रिकामी काळी खिडकी उघडायला लावली आणि तिच्यात टाइप करायला सांगितलं: सी एच सी पी, मोकळी जागा, सहा पाच शून्य शून्य एक. “म्हणजे काय?” मी विचारलं. “म्हणजे खिडकीला सांगायचं, बाई गं, आता पुढचं सगळं युनिकोडने, म्हणजे मराठी कळणाऱ्या पद्धतीने वाच. आता त्याच खिडकीतून आपली फाइल चालवा.” मी दुसऱ्या कानाला हेडफोन लावला. पुन्हा नाही वाजलं तर ते आई-बाबांना कळायला नको होतं.

“भावजी, आता कचरा गेला, पण नुसत्या चौकटी आल्यात. अजून बिघडलं!”

“बिघडलं नाही. त्या खिडकीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरंच नाहीत, म्हणून ती चौकटी काढते. दिसण्यावर जाऊ नका. नंबर दाबा.”

मी चार दाबला. कानात बाबा कडाडले, “पंखा बंद करा, वारा अंगावर येतोय!” आणि मी खरंच उठून पंखा बंद केला. परत येऊन बसले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“आवाज आला का?” दीर विचारत होता. नाक पुसत मी सांगितलं की हो, आला.

पण काम संपलं नव्हतं. बाबा क्लिक करून फाइल उघडणार. ही असली मंत्रविद्या ते रोज टाइप करत बसणार नव्हते. आणि क्लिक केलं की पुन्हा कचरा. मी फाइल उघडून वाचली, तर पारा पुन्हा चढला. “अहो, हीच ओळ फाइलमध्ये सगळ्यात वर लिहिलेली आहे! मग मला कशाला टाइप करायला लावलीत?”

“वहिनी,” तो म्हणाला, “म्हणजे ती ओळ चालतच नाहीये. क्लिक करा आणि खिडकीत अगदी वर काय येतं ते वाचा.”

आजवर मी कायम खाली, कचऱ्याकडेच बघत आले होते. वर पाहिलं तर एक तक्रार होती: ही आज्ञा मला ओळखता येत नाही. आज्ञा तीच होती, सी एच सी पी, पण तिच्या आधी तीन विचित्र खुणा चिकटल्या होत्या. फाइलमध्ये तर त्या जागी काहीच दिसत नव्हतं.

“सापडलं!” दीर ओरडला. “त्या दुरुस्तीवाल्याच्या एडिटरने सेव्ह करताना फाइलच्या कपाळावर आपला शिक्का मारला. तो आपल्याला दिसत नाही, पण खिडकी तो पहिल्या शब्दाला जोडून वाचते. पहिलाच शब्द कळला नाही, म्हणून ती जुन्याच पद्धतीने वाचत बसते. फाइल पुन्हा सेव्ह करा. खाली एन्कोडिंग विचारतं, तिथे ‘यूटीएफ-८ विथ बॉम’, म्हणजे शिक्क्यासकट, असं आहे, त्याच्याऐवजी नुसतं ‘यूटीएफ-८’ घ्या.”

घेतलं. सेव्ह केलं. क्लिक केलं. वरची तक्रार गायब झाली होती. मी म्हणाले, “भावजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही.” मी कुणाला असं सहसा म्हणत नाही, त्यामुळे तो बिचारा गोंधळला आणि फाइल लिहिताना आपणच पहिली ओळ रिकामी सोडली असती तर शिक्का तिलाच चिकटला असता आणि हे झालंच नसतं, म्हणून माझीच माफी मागू लागला.

बाबा गॅलरीतून यायला तयार नव्हते. हाताने ‘पुरे झालं’ अशी खूण केली. मी त्यांच्या दंडाला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोनची वायर उपटून टाकली आणि म्हटलं, “बोला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग क्लिक केलं, आणि कुठलाही विचार न करता एक नंबर दाबला.

“अगं, ऐकलंस का?”

आई आतल्या खोलीत उद्यासाठी कपडे काढून ठेवत होत्या. सवयीने त्यांचं उत्तर आलं, “ऐकतेय हो, बहिरी नाही झाले अजून!” मग कपडे तसेच टाकून त्या भिंतीला हात लावत बाहेर आल्या, चाचपडत बाबांच्या खुर्चीपाशी पोचल्या आणि तिथल्या स्टुलावर बसल्या.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

बाबांनी पुन्हा दाबलं. “अगं, ऐकलंस का?”

“ऐकलं,” आई म्हणाल्या. “आता तुम्ही ऐका.” आणि त्या बोलत सुटल्या. टाळ्यांचा राग, त्या परक्या पुरुषाचा राग, गुडघ्याचं दुखणं, ताईकडे जायचं कसं जिवावर आलंय, सगळं. मी चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहिले. त्या क्षणी मला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते. दिराचे तर होतेच, पण अक्षरं न गमावता नुसता कचरा करून ठेवल्याबद्दल त्या दुरुस्तीवाल्याचेसुद्धा.

बाबांनी काय काय भरून घेतलंय हे मला पूर्ण ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. पण बाहेर आई श्वास घ्यायला थांबल्या आणि मला कळ दाबल्याचा बारीक आवाज आला. मग तोच भरदार आवाज, ज्याच्यासाठी सगळं बसस्थानक कान टवकारायचं, अगदी हळू म्हणाला, “मग?”